मुंबईत उतरल्यावरचे दुसरे विमान



भारतात जाऊन आलेल्या आपल्या मंडळींशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकू येते. इस्राएलहून मुंबईपर्यंतचा लांबचा प्रवास सुखाचा झाला. तिकीट मुलांनी काढून दिले होते, बेन गुरिओनवर सोडायला नातवंडे आली होती. त्रास झाला तो पुढच्या दोन तासांच्या प्रवासात. मुंबईहून कोचीन, मुंबईहून कलकत्ता, मुंबईहून दिल्ली. "आपलाच मुलूख, आपलीच भाषा, त्यात काय एवढे विचारायचे?" असे म्हणून निघालेली माणसे विमानतळाच्या दारातच अडतात, आणि एकदा अडलेली माणसे पुढच्या वेळी म्हणतात, "नको बाबा, आता आपल्याच्याने होत नाही."

या "होत नाही"चे मला वाईट वाटते. आपल्या पिढीला मराठी येते, गावांची नावे ठाऊक आहेत, कोणते सिनेगॉग कोणत्या गल्लीत आहे हे आठवते. नातवंडांना बरोबर घेऊन हे सारे दाखवू शकणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. दोन तासांच्या विमानाला भिऊन ती घरी बसली तर ते नुकसान फक्त त्यांचे नाही. म्हणून या लेखात भारतातल्या अंतर्गत विमानप्रवासाची माहिती क्रमाने सांगते.

अडचण कशामुळे येते?

आपल्यापैकी पुष्कळांनी भारत सोडला तेव्हा आपला भारत एस. टी.चा, आगगाडीचा आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचचा होता. विमानात आपण पहिल्यांदा बसलो ते अलिया करताना. भारतातल्या भारतात विमानाने फिरणे ही त्या काळी मोठ्या साहेबलोकांची गोष्ट. त्यामुळे आगगाडीत ट्रंक कुठे ठेवायची आणि पाण्यासाठी कोणत्या स्टेशनावर उतरायचे हे आपल्याला अजून सांगता येईल, पण विमानतळावरचा भारत आपल्या ओळखीचा नाही.

इथल्या सवयीचाही उपयोग होत नाही. इस्राएलमध्ये एलातला विमानाने जाणे म्हणजे तासाभराचे काम. २०१९ साली शहरातला जुना विमानतळ बंद होऊन रामोन विमानतळ सुरू झाला तरी पद्धत तीच राहिली. तेउदात ज़ेहूत दाखवली, दोन प्रश्नांची उत्तरे हिब्रूत दिली की काम झाले. भारतात ते ओळखपत्र कोणी वाचणार नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की आपली भाषा तिथली राहिली, पण आपले कागद इथले झाले. रिक्षावाला आपल्याला "मावशी" म्हणेल, पण विमानतळाच्या दारावरचा जवान आपल्याला परदेशी पाहुणे म्हणूनच तपासेल. त्याचे काही चुकत नाही. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय कार्ड असले तरी ते नागरिकत्व नव्हे. हे एकदा मनाशी पक्के केले की बाकीचे नियम आपोआप समजतात.

नाव: अक्षराला अक्षर

परदेशी प्रवाशाचे भारतातले ओळखपत्र म्हणजे त्याचा पासपोर्ट, आपला दरकोन. अंतर्गत विमानासाठीसुद्धा मूळ दरकोन हातात हवा. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो यावर विसंबू नये. ओसीआय कार्ड असेल तर तेही बरोबर ठेवावे, पण दरकोनच्या ऐवजी नव्हे. जुने भारतीय मतदार कार्ड किंवा रेशन कार्ड कोणी आठवण म्हणून जपून ठेवले असेल, तर ते घरच्या कपाटातच राहू द्यावे.

तिकिटावरचे नाव दरकोनवरच्या इंग्रजी नावाशी अक्षराला अक्षर जुळले पाहिजे. इथे आपल्या समाजाची खास अडचण आहे. आपली नावे मराठीतून हिब्रूत गेली आणि हिब्रूतून इंग्रजीत आली. हिब्रूत 'पे' हे अक्षर प आणि फ दोन्हींचे काम करते, 'बेत' ब आणि व या दोन्हींचे, 'वाव' तर कधी व, कधी ओ, कधी ऊ. स्वर बहुधा लिहीतच नाहीत. ज्या कारकुनाने आयुष्यात पेण हे गाव ऐकले नाही, तो 'पेणकर' वाचून इंग्रजीत काय लिहील? कोणाचे 'पंकर' झाले असेल, कोणाचे 'फेनकर'. एकाच घरात दोन भावांची स्पेलिंगे वेगळी असतात. काहींनी इथे आल्यावर आडनावच हिब्रू केले.

आता ठाण्यातला भाचा आपल्यासाठी तिकीट काढायला बसतो. त्याला आपले जे नाव लहानपणापासून माहीत आहे तेच तो लिहितो. त्यात त्याची चूक काय? म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच दरकोनच्या फोटोच्या पानाचे स्पष्ट चित्र त्याला पाठवावे आणि सांगावे, "बाळा, यात आहे तसेच लिही. आडनाव आडनावाच्या रकान्यात, नाव नावाच्या रकान्यात." तिकीट आले की दरकोन शेजारी ठेवून एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचावे. फरक दिसला तर त्याच दिवशी विमानकंपनीला कळवावे. एखाद्या अक्षराची दुरुस्ती आधी सांगितली तर बहुधा होते. विमानतळावर आयत्या वेळी ती करून घेणे फार कठीण.

भाच्याला आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, तिकीट काढताना "ज्येष्ठ नागरिक सवलत" दिसली तरी अटी वाचल्याशिवाय ती निवडू नये. ही सवलत बहुतेक ठिकाणी भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी असते. काउंटरवर वयाबरोबर भारतीय ओळखपत्र मागितले तर आपल्याकडे ते नसते. ओसीआय कार्ड असणाऱ्यांना मात्र अंतर्गत विमानभाड्याच्या बाबतीत भारतीय नागरिकांसारखीच वागणूक मिळावी, असा भारत सरकारचा नियम आहे. दुसरी गोष्ट, तो तिकिटावर स्वतःचा मोबाइल नंबर घालेल. मग विमानाला उशीर झाला, वेळ बदलली, तर निरोप त्याच्या फोनवर जाईल आणि तो त्या वेळी कचेरीत असेल. विमानकंपनीचा निरोप आला की लगेच फोन करायचा, असे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे.

एक तिकीट की दोन?

इस्राएलहून मुंबई आणि मुंबईहून कोचीन असे दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय करणे ही विमानकंपनीची जबाबदारी राहते. सामानाची मोठी मर्यादाही बहुधा शेवटपर्यंत लागू राहते. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर दुसऱ्या कंपनीला पहिल्या विमानाशी काही देणेघेणे नसते. तुम्ही आला नाहीत, तुमचे विमान गेले, तिकिटाचे पैसेही बहुतेक गेले.

स्वस्त म्हणून दोन तिकिटे घ्यायला हरकत नाही, पण मग मध्ये एक रात्र मुंबईत काढावी. आपल्या वयाला ती विश्रांती हवीच असते. परतताना तर हा नियम फारच पाळावा. कोचीनहून सकाळी निघून त्याच रात्री मुंबईहून इस्राएलचे विमान पकडायचे, असा बेत कागदावर छान दिसतो. पावसाळ्यात मुंबईला आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात दिल्लीला विमाने तासन्‌तास अडतात. एक दिवस आधी मुंबईला पोहोचलेले बरे.

एकच तिकीट असले तरी मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशन होते, मग साधारणपणे आपले सामान पट्ट्यावरून स्वतः उचलावे लागते, कस्टममधून न्यावे लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावे लागते. तेव्हा निघतानाच चेक-इनच्या काउंटरवर विचारावे, "माझे सामान मुंबईत मला घ्यायचे आहे का?" सामान आपोआप पुढे जाईल अशा समजुतीने बाहेर पडू नये.

कोणता विमानतळ, कोणते टर्मिनल?

आपल्या पिढीच्या तोंडी मुंबईचा विमानतळ म्हणजे "सांताक्रूझ". आज तेवढे सांगून चालत नाही. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची दोन टर्मिनले आहेत. टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ले बाजूला आहे, तिथून फक्त अंतर्गत विमाने सुटतात. टर्मिनल २ सहारला, अंधेरी पूर्वेला. ते २०१४ साली सुरू झाले. तिथे परदेशी विमाने येतात आणि अंतर्गत विमानेही बरीच सुटतात. धावपट्ट्या एकच असल्या तरी रस्त्याने दोन्ही टर्मिनलांत काही किलोमीटरचे अंतर आहे. चालत जाता येत नाही, आणि मुंबईच्या रहदारीत मोटारीलाही अर्धा तास सहज लागतो.

आता यात तिसरी भर पडली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तो उलव्याजवळ, पनवेल तालुक्यात आहे. म्हणजे आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात, आजच्या रायगडात! ज्यांचे नातेवाईक पनवेलला आहेत किंवा ज्यांना अलिबागच्या बाजूला जायचे आहे, त्यांना हा विमानतळ सोयीचा आहे. पण तिकिटावर नुसते "मुंबई" पाहून भलतीकडे जाऊ नये. तिकिटावर विमानतळाची तीन इंग्रजी अक्षरे असतात. जुन्या विमानतळाची बी-ओ-एम, नव्या विमानतळाची एन-एम-आय. ही अक्षरे आणि टर्मिनलचा आकडा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टॅक्सीवाल्याला दाखवावा.

वेळेबद्दलही एक सूचना. आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, विमानकंपनीचा मध्यरात्री. तिकिटावर "१२ तारीख, ००.४०" असे असेल तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्रीच जायचे. १२ तारखेला रात्री जेवून निघालात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असेल. शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर निघणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

सामान: तेवीस नव्हे, पंधरा

आंतरराष्ट्रीय विमानात आपल्याला बहुधा तेवीस किलोची बॅग नेता येते. भारतातल्या अंतर्गत विमानांत बहुतेक कंपन्या मोठ्या बॅगेला पंधरा किलो आणि हातातल्या बॅगेला सात किलो इतकीच मुभा देतात. तिकिटे वेगवेगळी असली तर हा आठ किलोंचा फरक काउंटरवर किलोच्या हिशोबाने भरावा लागतो. नातेवाइकांसाठी आणलेल्या भेटी मुंबईतच वाटून टाकाव्यात. नको असलेले सामान मुंबईत ठेवून कोचीनला लहान बॅग न्यावी, हे उत्तम. जादा वजन न्यायचेच असेल तर त्याचे पैसे आधी भरलेले स्वस्त पडतात.

आपल्या लोकांच्या बॅगेत काय असते ते मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. सुके खोबरे विमानात नेऊ नये, मोठ्या बॅगेतही नाही. त्याच्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. तिखट, मसाला, लोणचे नीट बांधून मोठ्या बॅगेत घालावे, हातातल्या बॅगेत नको. कात्री, सुरी, अडकित्ताही मोठ्या बॅगेतच.

याच्या उलट, फोन चार्ज करायची पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच हव्यात. मोठ्या बॅगेत सापडल्या तर बॅग उघडायला बोलावतात किंवा ती मागे राहते. औषधेही सगळी हाताशी असावीत. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच टाकू नये. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते. कुपत होलीमच्या डॉक्टरकडून औषधांची यादी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावांसह, लिहून घ्यावी. हिब्रू चिठ्ठी तिथे कोणाला वाचता येणार नाही.

दारापासून विमानापर्यंत

भारतात विमानतळाच्या इमारतीत शिरतानाच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. सोडायला आलेले नातेवाईक बाहेरच राहतात. बेन गुरिओनवर काउंटरपर्यंत सोबत येणाऱ्या मुलांची सवय असलेल्यांना इथे एकदम एकटे वाटते. म्हणून निरोप, पैशांची देवघेव, फोन नंबर लिहून घेणे हे सगळे गाडीतून उतरण्यापूर्वी आटपावे. तिकीट छापलेले हातात असावे. विमानतळावरचे फुकट इंटरनेट सुरू करायला मोबाइलवर आकडा येतो आणि इस्राएली नंबरवर तो येईलच असे नाही. कागदाला कशाचीच गरज लागत नाही.

दाराशी "डिजीयात्रा" नावाची वेगळी रांग दिसेल. तिथे चेहरा दाखवला की दार उघडते, पण ती सोय आधार कार्डावर चालते. आपली रांग साधी, जिथे जवान उभा आहे ती.

आत गेल्यावर कामाचा क्रम असा असतो. आधी चेक-इन काउंटरवर मोठी बॅग देऊन बोर्डिंग पास घ्यायचा. मग सुरक्षा तपासणी. मग पासवर लिहिलेल्या क्रमांकाच्या गेटपाशी जाऊन बसायचे. बहुतेक कंपन्यांचे काउंटर विमान सुटण्यापूर्वी एक तास बंद होतात आणि गेट सुमारे पंचवीस मिनिटे आधी. आपल्या वयाच्या माणसाने किमान अडीच तास आधी पोहोचावे.

तपासणीत पुरुष आणि स्त्रियांच्या रांगा वेगळ्या असतात. स्त्रियांची तपासणी पडद्याआड स्त्री जवानच करते, त्यामुळे संकोच नको. फोन, चार्जर, पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायची. हृदयात पेसमेकर असेल तर यंत्राच्या चौकटीतून जाण्यापूर्वीच सांगावे आणि त्याचे कार्ड दाखवावे. ते हाताने तपासतात. पलीकडे गेल्यावर दरकोन, पाकीट, फोन आणि बोर्डिंग पास या चार वस्तू मोजून घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये.

मुंबई विमानतळावर आता प्रत्येक विमानाची नेहमीसारखी घोषणा होत नाही. बसच्या स्टँडवर जशी आरोळी ऐकून उठायचो, तसे इथे चालत नाही. फळ्यावर पाहत राहावे लागते आणि गेट आयत्या वेळी बदलूही शकते. डोळ्यांना फळा दिसत नसेल तर शेजारी बसलेल्या तरुणाला सांगावे, "बेटा, माझे विमान हे. गेट बदलले तर मला सांगशील का?" आपले मराठी इथे कामी येते. विचारणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही.

व्हीलचेअर: दोघांना दोन

पुष्कळजण म्हणतात, "मी चालू शकते, मला खुर्ची कशाला?" टर्मिनल २मध्ये दारापासून गेटपर्यंतचे अंतर बेन गुरिओनइतकेच थकवणारे आहे, त्यात तपासणीच्या रांगांत उभे राहणे आलेच. खुर्ची मागण्यात कमीपणा नाही. घरी बाजारापर्यंत चालणे आणि हातात बॅग घेऊन उन्हातान्हातून आल्यावर विमानतळावर चालणे यात फरक आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर घडलेली घटना काहींनी वर्तमानपत्रात वाचली असेल. न्यूयॉर्कहून आलेल्या एका वृद्ध जोडप्याने व्हीलचेअर आधीच मागितल्या होत्या. खुर्च्या कमी पडल्या आणि दोघांत एकच मिळाली. ऐंशी वर्षांच्या त्या गृहस्थांनी पत्नीला खुर्चीत बसू दिले आणि स्वतः तिच्याबरोबर चालत निघाले. इमिग्रेशनपाशी ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमानकंपनीला तीस लाख रुपयांचा दंड केला. दंडाने त्या बाईंना काय मिळाले?

ते विमान परदेशातून आलेले होते, पण धडा अंतर्गत प्रवासालाही तोच. नवराबायको असाल तर दोघांच्या तिकिटांवर दोन वेगळ्या खुर्च्यांची मागणी लिहिलेली हवी. ती तिकीट काढतानाच करावी, नाहीतर निदान दोन दिवस आधी फोन करून. मागणी तीन प्रकारची असते. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, हा एक. पायऱ्याही चढता येत नाहीत, हा दुसरा. मुळीच चालता येत नाही, हा तिसरा. आपला प्रकार खरा सांगावा. कारण कधी विमान इमारतीला जोडलेले नसते. बसने विमानापर्यंत नेतात आणि मग शिडी चढावी लागते. पायऱ्या चढता येत नाहीत असे आधी लिहिलेले असेल तर खुर्चीसकट उचलून दारापर्यंत नेणारी गाडी आणतात.

आणि खुर्ची आली नाही तर थांबावे. उतरताना हवाईसुंदरीला सांगावे, "खुर्ची आल्याशिवाय मी जागेवरून उठणार नाही." भिडेखातर उठून चालू लागू नये. विमान तुम्हाला घेऊन परत उडणार नाही. सामानही पट्ट्यावरून कुठे पळून जात नाही.

उशीर, शब्बाथ आणि जेवण

अंतर्गत विमानाला उशीर झाला तर प्रवाशाचे काही हक्क आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर विमानकंपनीने खाणेपिणे द्यायचे असते. मुंबई-कोचीन, मुंबई-दिल्ली ही विमाने साधारण याच वर्गातली. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरे विमान किंवा पैसे परत, असा पर्याय द्यावा लागतो. काउंटरवर शांतपणे, पण नियमाचे नाव घेऊन विचारावे. दाद लागली नाही तर भारत सरकारच्या 'एअरसेवा' या सोयीवर तक्रार नोंदवता येते. ते काम भाच्याकडे द्यावे.

उशिराचा हिशोब ठेवूनच शब्बाथ पाळणाऱ्यांनी शुक्रवारी दुपारचे विमान टाळावे. गुरुवारी पोहोचावे. कोचीनला हे दुसऱ्या कारणानेही सोयीचे. विमानतळ नेडुंबास्सेरीला आहे आणि तिथून मट्टनचेरीपर्यंत रस्त्याने बराच वेळ लागतो. तिथले परदेशी सिनेगॉग, १५६८ साली बांधलेले, शनिवारी पाहुण्यांना बंद असते. त्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या पाहायला एवढ्या लांब जाऊन दारावरचे कुलूप पाहून परतायचे नसेल, तर रविवार ते गुरुवार हेच दिवस धरावेत.

अंतर्गत विमानात कोशर जेवण मिळेल असे गृहीत धरू नये. बऱ्याच विमानांत जेवण विकतच घ्यावे लागते. भारतात खाण्याच्या पाकिटावर शाकाहारी पदार्थाला चौकोनात हिरवा ठिपका असतो. आपल्यातले बरेचजण तिथे तेवढ्यावर भागवतात. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी फळे, सुका मेवा, घरची चपाती बरोबर घ्यावी. दोन तासांचाच प्रश्न आहे.

कापून ठेवण्यासाठी

शाळेत असताना मी मुलांना सांगत असे की पेपर हातात आला की आधी सगळे प्रश्न वाचा, मग पेन उचला. तिकीट हाही तसाच कागद आहे. एक प्लॅस्टिकचे पाकीट घ्यावे आणि त्यात निघण्याच्या आदल्या दिवशी या वस्तू भराव्यात:

१. मूळ दरकोन आणि, असल्यास, ओसीआय कार्ड. व्हिसावर जाणाऱ्यांनी व्हिसाचा कागद.

२. छापलेले तिकीट, नाव अक्षराला अक्षर तपासलेले, व्हीलचेअरची मागणी त्यावर दिसत असलेले.

३. मोठ्या अक्षरांत विमानतळ, टर्मिनल, तारीख आणि वेळ.

४. दोन फोन नंबर कागदावर, एक निघण्याच्या गावातला, एक पोहोचण्याच्या गावातला. फोन बंद पडला तर पाठ असलेला नंबर आठवत नाही.

५. औषधांची इंग्रजी यादी आणि दोन दिवसांची औषधे.

६. प्रवासविम्याचा कागद, मदतीच्या फोन नंबरासह.

७. तेफिलात हादेरेखचे कार्ड, ज्यांना ती पाठ नाही त्यांच्यासाठी.

हे पाकीट हातातल्या बॅगेत, चेन लागणाऱ्या कप्प्यात ठेवावे, आणि प्रवास संपेपर्यंत दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये. मुले, नातवंडे, भाचे मदत करतील, त्यांची मदत जरूर घ्यावी. पण दारावर जवान नाव विचारील तेव्हा उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे, आणि ते मराठीत दिले तरी चालते. प्रवास सुखाचा होवो.